गेल्डगार्थ नावाची माणसं

मुक्काम हाय गार्थ शेतघर
२२ ऑक्टोबर २०००

विल्फ,

नाताळाला अजून अवकाश आहे, मग ही आत्ताच कशी लिहायला बसली, असं तुला वाटेल. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. जाण्यासारखं आता कोण उरलंय?

परवा विद्यापीठातला एक माणूस आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "मी डॉक्टर फेन्विक." मला वाटलं, गुरांचा डॉक्टर. मी त्याला सरळ गोठ्यात नेलं आणि लंगडणारी मेंढी उलटी करून तिचा खूर त्याच्या नाकापुढे धरला. बिचारा म्हणाला, "बाई, मी आडनावांचा अभ्यास करतो." मेंढी तशीच धरून मी विचारलं, "त्याचं काय करायचं असतं?"

चांगला निघाला. दोन कप चहा प्याला, चीज आणि केक खाल्ला, आणि आपलं नाव कुठून आलं ते सांगितलं. बाबा काय सांगायचे आठवतंय ना? गेल्ड म्हणजे सोनं, गार्थ म्हणजे बाग. सोन्याच्या बागेचे आपण मालक. चॅपलमध्ये नव्या पाद्रीबुवांना ते दर खेपेला ऐकवायचे. तर तसं काही नाही. वर्षभरात जिच्या पोटात कोकरू राहिलं नाही, ती भाकड मेंढी म्हणजे गेल्ड, आणि गार्थ म्हणजे दगडी आवार. भाकड मेंढ्या वेगळ्या ठेवायचं आवार. त्याच्या शेजारी राहणारे ते गेल्डगार्थ. वर ओढ्याकाठी पडक्या भिंतींचा चौकोन आहे ना, जिथे तू तंबाखू ओढायला जायचास, बहुतेक तेच.

भाकड मेंढीला मी जन्मभर गेल्डच म्हणत आलेय. तरी स्वतःच्या नावात तो शब्द मला कधी ऐकू आला नाही. सोन्यामुळे कानात बोळे बसले होते. त्याला मी म्हटलं, "नाव मग योग्य माणसाकडे आलं म्हणायचं. लग्न नाही, मूल नाही." तो लाल झाला. तरुण माणसांशी असं बोलू नये.

तुझ्या पलटणीतल्या सार्जंटला मात्र दुसरा अर्थ माहीत असणार, गेल्ड करणं म्हणजे नर खच्ची करणं. तुला तो 'खच्ची' म्हणून हाक मारायचा, हे तू एकदाच बोलला होतास. न्यूझीलंडला पोचल्यावर तू नाव कापून नुसता गार्थ का झालास, ते बाबांना मरेपर्यंत समजलं नाही. नाव टाकणाऱ्यानं जमीनही टाकली, एवढंच ते म्हणत राहिले, आणि तूही मग पत्रं बंद केलीस. ते जाऊ दे.

फेन्विक सांगत होता, हे नाव जगात फक्त आपल्याच दरीत उगवलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शिरगणतीत साठएक माणसं, सगळी एका दिवसात घोड्यावरून भेटून येता येतील एवढ्यात. मग शिशाच्या खाणी बंद पडल्या आणि माणसं गिरण्यांकडे गेली. युद्धात पडलेली तीन पोरं चॅपलच्या भिंतीवर कोरली गेली. मुली लग्न करून दुसऱ्या नावांत गेल्या. आता दरीत मी एकटी.

"म्हणजे माझ्याबरोबर संपलं," मी म्हटलं.

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "संपलं नाही. तुमच्यापेक्षा जास्त गेल्डगार्थ जमैकात आहेत. आणि तिथून आलेले लीड्समध्ये."

दोनशे वर्षांपूर्वी आपल्यातला एक धाकटा मुलगा, जोनास, तिथल्या उसाच्या मळ्यावर मुकादम म्हणून गेला होता. त्याची पोरं की त्याच्या हाताखालचे गुलाम, नाव कोणाकडून पुढे गेलं, ते ठरवता येत नाही. "दोन्हीही असेल," तो म्हणाला. "एकच माणूस दोन्ही असू शकायचा."

बाबा असते तर त्याला चहासकट बाहेर घातलं असतं.

तुझी,
थर्झा


१० डिसेंबर २०००

विल्फ,

कार्ड मिळालं. 'डब्ल्यू. गार्थ आणि कुटुंब.' नातवंडाचा फोटो घातला असतास तर पोस्ट फार जड झालं नसतं.

रविवारी दुपारी फोन वाजला. एका बाईचा आवाज, जाड, सावकाश बोलणारा. "मिस गेल्डगार्थ आहेत का?"

"बोलतेय."

"मीही बोलतेय," ती म्हणाली, आणि इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

इसिल्डा गेल्डगार्थ. लीड्सच्या इस्पितळात तीस वर्षं नर्स होती, आता निवृत्त. फेन्विकनं तिलाही गाठलं होतं. मी विचारलं, तुम्हीही मिस कशा? तर म्हणाली, "मुलांच्या बापाचं नाव मी घेतलंच नाही. तो बर्मिंगहॅमला गेला. नाव कुठे जात नाही." मग म्हणाली, "मला फक्त ऐकायचं होतं, तुम्ही ते कसं उच्चारता. इथे सगळे गिल्डगाथ, गोल्डगेट, काय वाट्टेल ते म्हणतात. माझी आजी ज्या तऱ्हेनं म्हणायची ना, 'र' वर जरा रेंगाळून, तसंच म्हणता तुम्ही."

मी तिला हवामान सांगितलं. ती म्हणाली, इकडेही तेच. मग दोघी गप्प. फोनवर गप्प राहायला पैसे पडतात हे ठाऊक असून कोणीच ठेवेना.

नातवंडाचं नाव काय?

थर्झा


४ मार्च २००१

विल्फ,

तुझ्याकडच्या टीव्हीवरही दाखवत असतील. गुरामेंढ्यांची ही लाळ्या-खुरकताची साथ अजून आपल्या दरीत नाही. फाटकाशी औषधात भिजवलेला पेंढा पसरलाय. पोस्टमन पत्रं फाटकावरच्या दुधाच्या कॅनमध्ये टाकतो. चॅपल बंद, बाजार बंद. शेजारच्या रॅथबोनची मेरियन ओढ्यापलीकडून हात करते, मी अलीकडून करते. एवढंच बोलणं.

इसिल्डाचा रोज संध्याकाळी फोन येतो. तिला मेंढ्यांतलं काही कळत नाही, पण तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई. "आज किती उभ्या आहेत? खातायत ना? आणि तू काय खाल्लंस?" मी टोस्ट म्हटलं की रागावते. "टोस्ट हे जेवण नाही गं, टोस्ट म्हणजे जेवणाची वाट बघणं."

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, लक्षात नाही आलं.

थर्झा


२७ मे २००१

विल्फ,

तू फोन केलास, बरं केलंस. आवाज ओळखला नाही म्हणून राग मानू नकोस. बाबांचा आवाज वाटला आणि मी दचकले.

तू विचारलंस तेव्हा मी ठीक आहे म्हटलं. आहेच. आपल्या मेंढ्या आजारी नव्हत्याच. आजार रॅथबोनकडे निघाला आणि आपली हद्द त्याला लागून, म्हणून आपल्याही सगळ्या मारल्या. सरकारी माणसं सभ्य होती. एक मुलगी होती गुरांची डॉक्टर, स्पेनची, ती मधेच भिंतीमागे जाऊन रडून आली आणि परत कामाला लागली. मी तिला चहा दिला. कोकरं लहान होती अजून.

ट्रक गेल्यावर मी अंगण धुतलं. त्यांनी धुतलंच होतं, तरी धुतलं.

मॉस कुत्रा सकाळी उठून डोंगराकडे बघत बसतो. त्याला काम द्यायला माझ्याकडे काही नाही. आणि डोंगर कसा दिसतो ते तुला कसं सांगू? हिरवा आहे. गवत वाढलंय. नको तितकं वाढलंय.

तू म्हणालास, "त्या बाईला काय हवंय, ते आधी विचार." विचारलं मी. त्या दिवशी ट्रक गेल्यावर तिचा फोन आला तेव्हा विचारलं, "इसिल्डा, तुला माझ्याकडून काय हवंय?" ती म्हणाली, "तू फोन खाली ठेवू नयेस, एवढं हवंय. बोलू नकोस. नुसती धरून बस." मग ती तिच्या स्वयंपाकघरात काम करत राहिली. भांडी वाजत होती, नळ सुटत होता, मध्येच कोणाला तरी ओरडत होती. मी खुर्चीवर बसून ऐकत होते. अंधार पडेपर्यंत.

थर्झा


१४ ऑक्टोबर २००१

विल्फ,

साथीची 'प्रवेश बंद' पाटी फाटकावरून काढली. इसिल्डा काल येऊन गेली. तिचा मुलगा नेव्हिल तिला गाडीतून घेऊन आला आणि बाजाराच्या गावी चक्कर मारायला गेला.

मला वाटलं होतं ती उंच असेल. माझ्या खांद्याला लागते. जांभळी टोपी, हातात डबा. दारातच म्हणाली, "माझा गुडघा, तुझा डोंगर, बघू कोण जिंकतं ते." तिला ओढ्याकाठचं आवार बघायचं होतं. हळूहळू गेलो. पडक्या भिंतीवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "एवढंच आहे." ती म्हणाली, "एवढंच? याच नावानं आम्हाला शाळेत सही करायला शिकवलं." दोघी हसलो. पाऊस नव्हता. मी वर्षभरात इतकी बोलले नसेन.

परत आल्यावर घरी चहा टाकला. ती मागच्या दाराशी उभी होती. तिथे खुंटीला ते लोखंड टांगलेलं आहे, शिंगांवर डाग द्यायचं, टोकाला 'जी' असलेलं.

"हे काय?"

मी किटली भरत होते. पाठमोरीच म्हणाले, "आपल्या नावाचा शिक्का. तापवून शिंगावर ठेवायचा, म्हणजे मेंढी कोणाची ते कळतं. आजोबांच्याही आधीचा आहे."

किटली ठेवून वळून बघितलं तर तिनं तो खाली काढला होता आणि दोन्ही हातांत आडवा धरला होता. किती जड आहे ते बघत असल्यासारखा.

"मळ्यावर माणसांना डाग इथे द्यायचे," ती म्हणाली, आणि खांद्याच्या खाली छातीवर बोट ठेवलं. "माझ्या आजीच्या आजीला दिला होता. कुठलं अक्षर ते घरात कोणी सांगायचं नाही."

तिनं तो परत खुंटीला लावला. नीट, होता तसाच. म्हणाली, "नेव्हिलला बोलावते. गुडघा दुखतोय." चहा घेतला नाही. गाडी येईपर्यंत अंगणातल्या दगडावर बसून राहिली. मी शेजारी उभी राहिले. बसायला सांगितलं नाही तिनं, आणि मलाही विचारता आलं नाही.

डबा टेबलावरच राहिलाय. भात आणि घेवडा आहे, नारळाचा वास येतो.

आज रविवार. फोन आला नाही.

थर्झा


१८ नोव्हेंबर २००१

विल्फ,

मी लीड्सला जाऊन आले. हसू नकोस. बस, मग आगगाडी, मग पुन्हा बस. आईच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

महिनाभर फोन नव्हता. मी दोनदा केला, नेव्हिलनं उचलला. "आंटी, आई झोपलीय." सकाळी अकरा वाजता. तेव्हा ठरवलं. तिचा डबा धुतलेला होता, रिकामा परत देऊ नये म्हणून आल्याचा पार्किन केक केला आणि निघाले.

दार तिनंच उघडलं. डोक्याला रुमाल, पायात नेव्हिलचे मोजे. माझ्याकडे बघून म्हणाली, "माफी मागायला आली असशील तर बस अजून कोपऱ्यावर उभी आहे. माफी घेऊन मी ठेवू कुठे? कपाटात जागा नाही."

मी म्हटलं, "डबा द्यायला आले. आणि भूक लागलीय. सकाळपासून टोस्टवर आहे."

तिनं माझ्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, "बूट पूस."

आत इतकी माणसं होती, विल्फ. एक बाळ, दोन शाळकरी पोरी, नेव्हिलची बायको, आणि एक म्हातारा, जो कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे गेल्डगार्थ, म्हातारा सोडून. शाळकरी पोरींपैकी एकीनं मला सरळ विचारलं, "आजी म्हणते तुम्ही ओरिजिनल आहात. खरं का?" इसिल्डा आतून ओरडली, "ओरिजिनल नाही, जुनं मॉडेल!" आणि सगळे हसले. मी पण.

जेवल्यावर पोरींना बाहेर पिटाळून ती माझ्यासमोर बसली. म्हणाली, "ऐक. मला तुझा राग नव्हता. मी तिथे आनंदानं आले होते, आणि मला त्या आनंदाची लाज वाटली. तुझ्या भिंतीवर हात ठेवून मी काय विचार करत होते माहितेय? की मी घरी आले. आणि मग तो लोखंडाचा तुकडा."

मी म्हटलं, "मी तो काढून टाकलाय."

"कशाला? तुझ्या मेंढ्यांचा होता. मेंढ्यांचं मला काही नाही." मग म्हणाली, "हे नाव आम्हाला कोणी दिलं नव्हतं, थर्झा. लावलं होतं. पण लावल्यानंतर दोनशे वर्षं ते आम्ही वापरलंय. माझ्या नर्सच्या बिल्ल्यावर होतं. रोगी मला हात लावू देत नसत, डॉक्टर नाव वाचून हसत, आणि मी तोच बिल्ला रोज पुसून लावायचे. आता ते माझं आहे. तुझ्यापेक्षा जास्त माझं आहे. हे तुला चालणार असेल तर चहा टाकते."

मी म्हटलं, "टाक."

नेव्हिलनं विचारलं, तुम्हाला भाऊबहीण कोणी? मी तुझं सांगितलं. नुसता गार्थ झाला, हेही. तो म्हणाला, "म्हणजे अर्धा आपला." त्याला वाईट म्हणायचं नव्हतं.

आणखी एक. मी नव्या मेंढ्या घेत नाही. आपली मेंढरं डोंगर आईकडून शिकत होती, कुठवर चरायचं, वादळात कोणत्या भिंतीआड जायचं. विकत आणलेल्यांना कोण शिकवणार? त्या खाली रस्त्यावर येतील, आणि मी अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्यामागे पळू शकत नाही. जमीन खंडाची, मालकाला कळवलंय. फेब्रुवारीत गावातल्या छोट्या घरात जाईन. मॉसला रॅथबोन नेतायत, त्यांनी पुन्हा कळप घेतलाय. हाय गार्थवर आता कोणी गेल्डगार्थ राहणार नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तुला त्याचं काही वाटेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

थर्झा


४ चर्च रो
२४ मार्च २००२

विल्फ,

पत्ता बदललाय, वर बघ. खिडकीतून बस थांबा दिसतो. डोंगर दिसत नाही, त्याची सवय होतेय.

इसिल्डा गेली. या महिन्याच्या सुरुवातीला, स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या. नेव्हिलनं फोन केला तेव्हा मला वाटलं तीच आहे. मी म्हटलं, "आज टोस्ट नाही खाल्ला बरं का." पलीकडे तो रडत होता.

त्यांच्यात लगेच पुरत नाहीत. नऊ रात्री घरात माणसं जमतात, गातात, खातात, डॉमिनो आपटतात. मी एकदा जाऊन आले. कोपऱ्यात बसले होते, कोणीतरी न विचारता माझ्या मांडीवर ताट ठेवलं.

काल अंत्यविधी होता. चर्च भरलेलं, दारापर्यंत माणसं, तिच्या इस्पितळातल्या म्हाताऱ्या नर्सेस गणवेशाच्या टोप्या घालून आलेल्या. दारात एक तरुण मुलगी लोकांना जागा दाखवत होती. मला म्हणाली, "कुटुंबातल्या का?"

मागे लोक खोळंबले. शेवटी म्हटलं, "माझं नाव गेल्डगार्थ."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मागे वळून मोठ्यानं म्हणाली, "अरे सरका, अजून एक आहे." आणि पहिल्या बाकावरची सगळी माणसं, मोठी, जाडी, काळ्या कपड्यांतली, पोरांना मांड्यांवर घेत घेत सरकली. मी बसले. शेजारच्या बाईनं माझा हात धरला आणि सबंध वेळ सोडला नाही. तिला मी कोण ते माहीत नव्हतं.

दफनभूमीत मी मागे राहिले होते. आपल्याकडे मूठभर माती टाकून आपण चहाला जातो, बाकीचं यंत्र करतं. त्यांच्यात तसं नाही. पेटी खाली गेली की पुरुष कोट काढतात, फावडी घेतात, आणि खड्डा स्वतः भरतात. बायका भोवती उभ्या राहून गातात, थांबत नाहीत. एक थकला की दुसरा. माती पिवळी, चिकट, पावसानं जड झालेली. नेव्हिल सगळ्यात जास्त भरत होता, त्याला दम लागला होता. कोणी पुढे यायच्या आत मी त्याच्या हातातलं फावडं घेतलं.

एक माणूस म्हणाला, "आंटी, राहू द्या, तुम्हाला नाही झेपणार."

नेव्हिल म्हणाला, "तिला येतं."

मला येतं, विल्फ. आयुष्यभर तेच केलंय. पाय टेकवायचा, कंबर सरळ ठेवायची, गुडघ्यातून उचलायचं. मी भरत गेले. पहिल्यांदा पेटीवर आवाज येत होता, मग यायचा थांबला. कोणीतरी दोनदा फावडं मागितलं, मी दिलं नाही. गाणं बदललं, पुन्हा बदललं. शेवटी उंचवटा झाला तेव्हा तो नीट थापला, कडा सरळ केल्या, आणि बायकांनी त्यावर फुलं रोवली.

नेव्हिलनं मला घरापर्यंत सोडलं. आत येत नाही म्हणाला, मग आला, जरा वेळ बसला आणि गेला.

वर्षभरात हात मऊ पडलेत. दोन्ही तळव्यांना फोड आलेत, म्हणून अक्षर असं आलंय.

थर्झा